लॉगऑफ केलं तरी सर्व्हरवरून न जाणारी सेशन्स: तुर्भ्याच्या एका ऑफिसचं प्रकरण

पार्श्वभूमी

तुर्भे एमआयडीसीत ट्रान्सपोर्ट आणि वेअरहाऊसिंगचं एक मध्यम आकाराचं ऑफिस आहे. नाव सांगत नाही, माणसांचीही नाही, आणि ओळख पटेल असे दोन-तीन बारकावे बदललेत. मी ठाण्याला राहते, आठवड्यातून दोन दिवस ट्रान्स हार्बरने तुर्भ्याला जाऊन बसते आणि बाकीचे दिवस घरून त्यांचे सर्व्हर बघते.

त्यांचं जवळपास सगळं काम दोन रिमोट डेस्कटॉप सर्व्हरवर चालतं, म्हणजे प्रोग्रॅम सर्व्हरवर चालतात आणि युजरच्या पीसीवर त्यांची फक्त खिडकी दिसते; सर्व्हरवरच्या एकेका युजरच्या अशा चालू कामाला सेशन म्हणतात. दोन्ही विंडोज सर्व्हर २०१९, दोन्ही हायपर-व्हीवर (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर), पुढे कनेक्शन ब्रोकर (युजरला कुठल्या सर्व्हरवर पाठवायचं ते ठरवणारा), आणि प्रत्येकाची प्रोफाइल (डेस्कटॉप, सेटिंग्ज वगैरे) फाइल सर्व्हरवर वेगळ्या व्हीएचडीएक्स, म्हणजे व्हर्च्युअल डिस्कच्या, फाइलमध्ये, म्हणजे ज्याला युजर प्रोफाइल डिस्क म्हणतात ती. साठेक युजर आहेत. निम्मे हेड ऑफिसमध्ये केबलवर, आणि निम्मे उरण, न्हावा शेवा नि भिवंडीच्या गोडाऊनवर, जिथे नेट कधी ब्रॉडबँड तर कधी कुणाच्या मोबाइलचा हॉटस्पॉट, पावसाळ्यात तर बहुतेक वेळा हॉटस्पॉटच.

पुढचं सगळं एका फरकावर उभं आहे म्हणून तो आधीच सांगते. खिडकी क्रॉस केली किंवा नेट तुटलं तर सेशन फक्त डिसकनेक्ट होतं, सर्व्हरवर ते जिवंत असतं, उघडलेली एंट्री तशीच उघडी राहते. लॉगऑफ केलं तरच ते बंद होतं, प्रोग्रॅम बंद, प्रोफाइल सेव्ह, डिस्क सुटते. गोडाऊनवाल्यांसाठी डिसकनेक्ट होणं ही सोय आहे, नेट गेलं तरी काम जात नाही, दहा मिनिटांनी परत आलं की जिथे होते तिथेच.

अडचण

महिन्याची १८ तारीख. २० ला जीएसटीआर-३बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, भरायची असते, त्यामुळे अकाउंट्समध्ये आधीच घाई. सकाळी पावणेदहाला अकाउंट्सच्या ताईंचा फोन, "अगं, काळी स्क्रीन येतेय आणि प्लीज वेट म्हणून तशीच बसलीय, वीस मिनिटं झाली, आज माझं रिकन्सिलिएशन व्हायलाच पाहिजे." मी म्हटलं ताई पाच मिनिटं द्या.

पहिल्या सर्व्हरवर क्वेरी सेशन ही सेशन्सची यादी दाखवणारी कमांड मारली. यादीत सगळ्यांची नावं व्यवस्थित, आणि मध्येच आयडी १४ ची एक ओळ, स्टेट "डिस्क" (डिसकनेक्टेडचं लघुरूप), आणि नावाची जागा रिकामी. ताईंचं नाव कुठेच नाही. लॉगऑफ १४ असं टाइप करून एंटर मारलं तर कर्सर तिथेच लुकलुकत राहिला, ना एरर ना काही. रीसेट सेशन १४, तेच. टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये सेशन आयडीचा कॉलम लावून बघितलं तर १४ मध्ये चारच प्रोसेस उरल्या होत्या: सीएसआरएसएस, विनलॉगऑन (लॉगऑन-लॉगऑफ सांभाळणारी), डीडब्ल्यूएम आणि फॉन्टडीआरव्हीहोस्ट, सगळ्या विंडोजच्या स्वतःच्या. एक्सप्लोरर नाही, अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर नाही, एक्सेल नाही.

या चार प्रोसेसकडे मी त्या दिवशी नीट बघितलं नाही, ही पहिली चूक. एक्सप्लोरर गेलाय म्हणजे युजरचे प्रोग्रॅम आधीच बंद झालेत, लॉगऑफ अर्ध्याहून जास्त झालंय, आणि आता वाट बघतंय ते विंडोजचंच काहीतरी. म्हणजे युजरचा डेटा अडकलेला नाही, एखाद्या प्रोग्रॅमने सेव्ह करू का विचारून धरून ठेवलंय असंही नाही. एवढं त्या चार ओळींमधून कळत होतं.

आणि ताई दुसऱ्या सर्व्हरवर का जात नव्हत्या? कारण ब्रोकरच्या लेखी त्यांचं सेशन अजून पहिल्यावर आहे, म्हणून तो दर वेळी त्यांना तिथेच पाठवतो. दुसऱ्या सर्व्हरचं नाव थेट टाकून कनेक्ट केलं तरी ब्रोकर त्यांना फिरवून पहिल्यावरच आणतो.

समोरचे रस्ते

त्या सकाळी चार गोष्टी करता येत होत्या.

पहिली म्हणजे सर्व्हर रीस्टार्ट. बाकीच्या अठ्ठावीस जणांना बाहेर काढावं लागणार, पण नक्की सुटणार असं तेव्हा वाटलं. दुसरी, सेशन १४ चं विनलॉगऑन मारून टाकायचं. हे बरेच जण करतात आणि पुष्कळदा सेशन जातंही, पण अडचण अशी की लॉगऑफचं उरलेलं काम मध्येच तुटतं आणि प्रोफाइल डिस्क सर्व्हरला जोडलेलीच राहू शकते. मग युजर आत तर येतो, पण त्याला टेम्पररी प्रोफाइल मिळते, इव्हेंट लॉगमध्ये १५११ (टेम्पररी प्रोफाइल दिल्याची नोंद) पडतो, आणि डेस्कटॉप कोरा बघून माणूस घाबरतो. सीएसआरएसएसला मात्र हात लावायचा नाही, ती विंडोजची क्रिटिकल प्रोसेस आहे, चुकीच्या सेशनची मारली तर अख्खा सर्व्हर निळ्या स्क्रीनवर जातो.

तिसरी, ताईंना एक वेगळं अकाउंट देऊन दुसऱ्या सर्व्हरवर बसवायचं. अकाउंटिंगचा डेटा फाइल सर्व्हरवर आहे, त्यांच्या प्रोफाइलमध्ये नाही, त्यामुळे काम झालं असतं. चौथी, काहीच न करता आधी बघायचं की हे नक्की कुणासाठी थांबलंय.

मी पहिली निवडली. दुपारी दीडला जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना सेव्ह करून बाहेर पडायला सांगितलं आणि रीस्टार्ट दिला. आणि सर्व्हर बंदच होईना, गोल गोल फिरत राहिला, चाळीस मिनिटं. ज्या गोष्टीमुळे सेशन १४ अडकलं होतं त्याच गोष्टीसाठी आता शटडाऊनही थांबलं होतं. शेवटी हायपर-व्हीवरून व्हीएमची पॉवर तोडली. सर्व्हर वर आला, ताई आत गेल्या, पण त्यांची सकाळ गेली आणि बाकीच्यांचा पाऊण तास. आणि अडकण्याचा जो एकमेव पुरावा मेमरीत होता तो मी स्वतः पुसून टाकला.

काय केलं

पुढच्या चार दिवसांत अजून तीन सेशन्स तशीच अडकली, दोन्ही सर्व्हरवर. सगळ्यांमध्ये सारखं दिसत होतं ते म्हणजे आदल्या संध्याकाळपासून डिसकनेक्ट. म्हणून मला वाटलं की डिसकनेक्ट सेशन्स रात्रभर पडून राहतात आणि सडतात, तर ती लवकर संपवूया. ग्रुप पॉलिसीत (सगळ्यांना एकाच जागेवरून सेटिंग लावायची विंडोजची सोय) कॉम्प्युटर कॉन्फिगरेशनखाली सेशन टाइम लिमिट्समध्ये डिसकनेक्ट सेशनची मर्यादा तीस मिनिटं केली. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज सेटिंग्ज साठवतं तिथे, तपासलंही, मॅक्सडिसकनेक्शनटाइम १८००००० दाखवत होतं, तिथे आकडा मिलीसेकंदात असतो.

या निर्णयाने प्रकरण चिघळलं. पुढच्या दोनच दिवसांत अडकलेली सेशन्स आधीपेक्षा जास्त. कारण नंतर बघितलं तर अगदी सरळ होतं: सेशन डिसकनेक्ट असताना अडकतच नव्हतं, ते अडकत होतं लॉगऑफ होताना, आणि मी लॉगऑफची संख्या वाढवली होती. आधी जो माणूस दिवसातून एकदा लॉगऑफ व्हायचा तो आता नेट गेलं की अर्ध्या तासाने व्हायला लागला.

आणि याचा खरा भुर्दंड गोडाऊनवाल्यांना पडला. भिवंडीला एक मुलगा कंटेनरची इनवर्ड एंट्री करत होता, एकेचाळीस ओळी झाल्या होत्या, पाऊस आला, नेट गेलं, पाऊण तासाने परत आला तर कोरी स्क्रीन. त्याने फोन करून एवढंच विचारलं, "मॅडम, आधी असं व्हायचं नाही ना?" त्याला परत गोडाऊनमध्ये टॉर्च घेऊन जाऊन एकेचाळीस पेट्यांचे नंबर वाचून आणावे लागले. पॉलिसी बदलताना मी हेड ऑफिसमधल्या माणसांचा विचार केला होता, ज्यांचं नेट जात नाही. ती मर्यादा त्याच संध्याकाळी काढली.

मग ठरवलं की आता काहीही मारायचं नाही, पुढचं सेशन अडकलं की तसंच ठेवायचं आणि बघायचं. मॅनेजर साहेबांना सांगितलं की साहेब, मला एक संध्याकाळ एक सर्व्हर आजारी ठेवावा लागेल, कुणाला त्रास होणार नाही अशी सोय करते. ते हो म्हणाले, आणि त्याबद्दल मी त्यांची मनापासून आभारी आहे, कारण बऱ्याच ठिकाणी या वेळी फक्त रीस्टार्ट कर असं ऐकायला मिळतं.

गुरुवारी संध्याकाळी सातला पहिल्या सर्व्हरवर आयडी २३, नाव रिकामं. लगेच चेंज लॉगऑन /ड्रेन दिलं. याने नवीन माणसं दुसऱ्या सर्व्हरवर जातात, पण ज्यांचं सेशन आधीच इथे आहे ते परत येऊ शकतात, म्हणजे कुणाचं काम तुटत नाही. ज्या युजरचं सेशन अडकलं होतं तो घरी गेला होता, त्याला फोन करून सांगितलं की आज रात्री लॉगिन करू नको रे.

आधी ॲप्लिकेशन लॉग उघडला. विनलॉगऑनचा इव्हेंट ६००५ तिथे पडला होता, की टर्मसर्व नावाचा नोटिफिकेशन सबस्क्रायबर लॉगऑफ हाताळायला खूप वेळ घेतोय. लॉगऑफच्या वेळी विनलॉगऑन काही ठरलेल्या घटकांना एकेक करून निरोप देतं, प्रोफाइल, ग्रुप पॉलिसी, टर्मिनल सर्व्हिस (हेच ते टर्मसर्व, रिमोट डेस्कटॉपचं काम बघणारं) वगैरे, आणि त्यांचं उरकेपर्यंत थांबतं. त्यातला कोण अडलाय ते नावासकट लिहिलेलं असतं. काम उरकलं तर पाठोपाठ ६००६ येतो, किती सेकंद लागले ते सांगत. इथे ६००६ आलाच नव्हता. मागचे इव्हेंट बघितले तर १७ तारखेच्या रात्रीही हेच, ताईंच्या सेशनच्या वेळेला. म्हणजे १८ ला सकाळी हा लॉग उघडला असता तर दिशा तिथेच मिळाली असती.

मग टास्क मॅनेजरमध्ये २३ च्या विनलॉगऑनवर राइट क्लिक करून ॲनालाइझ वेट चेन. हा पर्याय तिथे वर्षानुवर्षं आहे आणि फार कमी लोक वापरतात, पण कोण कुणासाठी थांबलंय ते तो साखळीसारखं दाखवतो. विनलॉगऑन एका एसव्हीसीहोस्टसाठी (विंडोजच्या सर्व्हिसेस जिच्या आत चालतात ती प्रोसेस) थांबलेलं, आणि ते एसव्हीसीहोस्ट स्पूलएसव्ही साठी. एसव्हीसीहोस्टचा पीआयडी, म्हणजे प्रोसेसचा नंबर, घेऊन टास्कलिस्ट /एसव्हीसी मध्ये शोधला तर ती निघाली रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस युजरमोड पोर्ट रीडायरेक्टर ही सर्व्हिस, जी युजरच्या पीसीवरचे प्रिंटर आणि पोर्ट सेशनमध्ये आणते आणि लॉगऑफला काढून टाकते. आणि स्पूलएसव्ही म्हणजे प्रिंट स्पूलर, छपाईची कामं रांगेत लावून प्रिंटरला देणारी सर्व्हिस. तर इतके दिवस आम्ही ज्याला सेशनचा प्रॉब्लेम म्हणत होतो तो प्रिंटरचा होता.

हात लावण्याआधी प्रोकडंप या टूलने स्पूलरचा पूर्ण डंप, म्हणजे त्याच्या मेमरीची नक्कल, घेऊन ठेवला, सव्वा मिनिटाचं काम. प्रोसेस एक्सप्लोररमध्ये स्पूलरचे थ्रेड उघडले तर अडकलेल्या थ्रेडच्या स्टॅकमध्ये, म्हणजे तो कुठल्या कोडमध्ये थांबलाय ते दाखवणाऱ्या यादीत, बारकोड लेबल प्रिंटरच्या ड्रायव्हरची डीएलएल (कोडची फाइल). हे लेबल प्रिंटर तीनही गोडाऊनमध्ये आहेत, पेट्यांवर चिकटवायची लेबलं छापायला, आणि त्यांचा ड्रायव्हर कुणीतरी आधी कधीतरी दोन्ही सर्व्हरवर टाकून ठेवला होता.

मग कंपनीभर मेसेज टाकला की दोन मिनिटं प्रिंट देऊ नका, आणि स्पूलर थांबवायला गेले तर तो स्टॉपिंगवरच अडकला, म्हणून पीआयडीने मारला. शेजारच्या खिडकीत क्वेरी सेशन परत परत मारत होते. चौथ्या वेळी २३ ची ओळ नव्हती. प्रोफाइल डिस्कही व्यवस्थित सुटली होती, फाइल सर्व्हरवर ओपन फाइल्समध्ये त्या युजरची व्हीएचडीएक्स दिसत नव्हती. रीस्टार्ट नाही, विनलॉगऑन मारणं नाही, टेम्पररी प्रोफाइल नाही.

एक गोष्ट मात्र बसत नव्हती. ताई हेड ऑफिसमध्ये बसतात, त्यांच्या पीसीला लेबल प्रिंटर नाही, मग त्यांचं सेशन का अडकलं? लोकल सेशन मॅनेजरचा ऑपरेशनल लॉग काढला. त्यात इव्हेंट २१ म्हणजे लॉगऑन, २३ लॉगऑफ, २४ डिसकनेक्ट, २५ रीकनेक्ट, आणि २१, २४, २५ मध्ये कुठल्या आयपीवरून ते असतं. ताईंच्या नावाने १७ ला संध्याकाळी साडेपाचला २५ होता आणि आयपी भिवंडीच्या व्हीपीएनच्या रेंजमधला. त्यांना फोन केला. त्या म्हणाल्या, "हो गं, स्टॉक मोजायला गेले होते ना, तिथल्याच पीसीवरून माझं उघडलं होतं, मग गाडीची वेळ झाली म्हणून तसंच क्रॉस करून निघाले, रात्री घरून लॉगऑफ केलं." त्या पीसीला लेबल प्रिंटर लावलेला होता, तो त्यांच्या सेशनमध्ये आला, आणि लॉगऑफला तोच आडवा आला. मग सगळ्याच अडकलेल्या सेशन्सचे आयपी तपासले, प्रत्येकात कधी ना कधी गोडाऊनचा पीसी होता.

डंप आणि लॉग जोडून माझं वाचन असं आहे की हा ड्रायव्हर प्रिंटरला सतत स्टेटस विचारतो, नेट मध्येच तुटलं की उत्तर यायचा रस्ता बंद होतो, आणि ड्रायव्हर वेळेची कुठलीही मर्यादा न ठेवता उत्तराची वाट बघत बसतो. लॉगऑफला पोर्ट रीडायरेक्टर स्पूलरला सांगतो की हा प्रिंटर काढ, स्पूलर ड्रायव्हरसाठी थांबतो, आणि सगळी रांग त्याच्या मागे.

दुरुस्ती करताना फार विचार लागला तो लेबलांचा. सर्व्हरवरून ड्रायव्हर काढणं सोपं, पण लेबल प्रिंटरला साध्या प्रिंटरसारखं ईझी प्रिंटमधून (सर्व्हरवर ड्रायव्हर न टाकता युजरच्या पीसीवरचाच ड्रायव्हर वापरणारी विंडोजची सोय) छापलं तर बारकोड पुसट येतात, स्कॅनर वाचत नाही, आणि गोडाऊनचं काम थांबतं. म्हणून दोन भाग केले. साध्या प्रिंटरसाठी पॉलिसीत ईझी प्रिंट आधी वापर आणि फक्त डिफॉल्ट प्रिंटर आण अशा दोन गोष्टी लावल्या. लेबलांसाठी एक छोटा वेगळा प्रिंट सर्व्हर उभा केला, लेबल प्रिंटर लॅन पोर्टने व्हीपीएनवरून त्याला जोडले, आणि प्रिंट मॅनेजमेंटमध्ये त्या ड्रायव्हरचं आयसोलेशन आयसोलेटेडवर ठेवलं, म्हणजे तो स्पूलरच्या आत न चालता वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतो, अडकला तरी एकटा अडकतो.

डिसकनेक्टची मर्यादाही परत लावली, पण या वेळी युजर कॉन्फिगरेशनमधून, हेड ऑफिसच्या ग्रुपला दोन तास आणि गोडाऊनच्या ग्रुपला आठ. कॉम्प्युटर कॉन्फिगरेशनची सेटिंग राहिली असती तर ती युजरवाल्यावर भारी पडली असती, म्हणून ती नॉट कॉन्फिगर्ड केली.

निकाल

त्यानंतर लेबल प्रिंटरमुळे एकही सेशन अडकलेलं नाही. दीड महिन्यांनी एक अडकलं, पण तेव्हा ६००५ मध्ये नाव टर्मसर्व नव्हतं, प्रोफाइल्स होतं. वेट चेन प्रोफाइल सर्व्हिसपाशी संपत होती. ते फाइल सर्व्हरवरच्या अँटिव्हायरसचं निघालं, तो व्हीएचडीएक्स फाइल स्कॅन करायला धरून बसत होता, एक्सक्लूजन, म्हणजे या फाइली स्कॅन करू नको अशी सूट, घातलं आणि संपलं. शोधायला वीस मिनिटं लागली. पहिल्या वेळी नऊ दिवस लागले होते.

ताईंची ३बी वेळेत गेली, पण १९ तारखेला त्या रात्री साडेनऊपर्यंत ऑफिसात होत्या.

परत असं झालं तर

सगळ्यात आधी माणसाला कामाला लावेन. १८ तारखेला ताईंना दुसऱ्या अकाउंटने दुसऱ्या सर्व्हरवर बसवायला दहा मिनिटं लागली असती, आणि मग मला अख्खा दिवस शांतपणे बघायला मिळाला असता. आता तिथे अकाउंट्स आणि डिस्पॅचसाठी एकेक अकाउंट बंद करून तयार ठेवलंय, परवानग्या लावलेल्या, गरज पडली की मॅनेजर साहेबांना विचारून चालू करायचं, काम झालं की बंद आणि पासवर्ड बदलायचा.

दुसरं, पॉलिसी एकदम सगळ्यांना लावणार नाही. आधी चार माणसांच्या ग्रुपला, आणि त्यात एक तरी गोडाऊनचा हवाच.

विनलॉगऑन मारण्याबद्दल मला अजूनही विचारतात. मी कधीच मारत नाही असं नाही. लॉग बघून झाला, डंप घेऊन झाला, आणि तरी सुटत नसेल तर मारते, पण मग लगेच फाइल सर्व्हरवर ओपन फाइल्स बघते आणि डिस्क अडकली असेल तर युजरला आत सोडायच्या आधी ती सर्व्हरवरून डिटॅच करते. हा क्रम चुकला की टेम्पररी प्रोफाइलमध्ये माणूस दिवसभर काम करतो, फाइली डेस्कटॉपवर ठेवतो, आणि लॉगऑफला त्या जातात, आणि ते परत आणता येत नाही.

न्हावा शेवा आणि भिवंडीचे लेबल प्रिंटर लॅनवर आहेत. उरणच्या प्रिंटरला लॅन पोर्टच नाही, फक्त यूएसबी, तर तिथला नवीन प्रिंटर मंजूर झालाय, आणि तो येईपर्यंत तिथली मंडळी लेबलं त्या पीसीवरूनच थेट छापतात, सेशनच्या बाहेर, आणि नंबर हाताने टाकतात.